नव्या कपाटाचा वास

गेल्या उन्हाळ्यात दोंडाईच्यात आमच्या भाचीचा निकाह झाला. रुखसतीच्या दोन दिवस आधी टेम्पोतून सामान सासरी पोहोचले. पलंग, तीन दारांचे कपाट, ड्रेसिंग टेबल, सगळे एकाच चकचकीत रंगाचे. पंधरा दिवसांनी पोरगी माहेरी आली ती डोळे चोळतच. "खाला, कपाट उघडलं की डोळ्यांतून पाणी येतं. रात्री घसा खवखवतो." नवे आहे, वास जाईल, असे आम्हीच तिला सांगितले. ते चुकले.

जहेज द्यावे की नाही, याबद्दलचे आमचे मत वाचकांना ठाऊक आहे. आज बोलायचे आहे ते वस्तू कशाची आहे याबद्दल. आपण किती दारे, आरसा केवढा, हे विचारतो. फळी कसली, हे कोणी विचारत नाही. ते कपाट पार्टिकल बोर्डाचे होते, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी. हा गोंद बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटत राहतो. पहिले काही महिने सर्वांत जास्त, पुढे हळूहळू कमी. डोळे आणि घसा त्यानेच चुरचुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली हा वायू माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला.

आता ती खोली डोळ्यांसमोर आणा. दहा बाय दहा, एकच खिडकी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४४ वर. लू लागू नये म्हणून दुपारभर खिडकी बंद, आत कूलरची ओल. उष्णता आणि ओलावा या दोन्हींनी हा वायू जास्त सुटतो. त्यात नवी नवरी दिवसातला बराच वेळ त्याच खोलीत.

बोर्डाचेच घ्यायचे असेल तर दुकानात खण उघडून नाक आत घाला. दुकानदार हसला तर हसू द्या. फळी ई-१ की ई-० हे विचारा. आकडा जितका लहान तितका वायू कमी. पार्टिकल बोर्डावर आयएस ३०८७ आणि एमडीएफवर आयएस १२४०६ हा शिक्का पाहा. मागची बाजू आणि कडा उघड्या नकोत, वायू तिथूनच जास्त निघतो. आणि सामान लग्नाच्या दोन दिवस आधी नव्हे, महिना-दोन महिने आधी आणून ओसरीत दारे उघडी टाकून ठेवा.

पण खरा उपाय आपल्या अंगणातच पडलेला असतो. धाब्याची घरे पाडून स्लॅब टाकताना सागाचे खांब, तुळया, दारे आपण भंगारच्या भावात देऊन टाकतो. पन्नास-साठ वर्षे मुरलेले ते लाकूड! सुताराला बोलावून त्याचा पलंग करून घ्या. नवे लाकूड हवे तर कडुनिंब आहे, त्याला कीड सहसा लागत नाही. एक खबरदारी मात्र घ्या. जुन्या दारांच्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये. घराबाहेर, ओला करून खरवडावा आणि मुलांना लांब ठेवावे. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नको, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. पाळण्याला रंग देताना डब्यावर तेवढे वाचा, कारण बाळ पाळण्याची कड चावते.

गादीचेही तेच. कापसाच्या मुलखात राहून आपण फोमवर झोपतो आणि पिंजारीचाचा गल्लीतून हाक मारत रिकामे परत जातात. रसूलुल्लाह (स.) यांचे अंथरूण चामड्याचे होते, आत खजुरीचे तंतू भरलेले. आपल्याला कापूस मिळतो, दर दोन-तीन वर्षांनी पिंजून पुन्हा नवा होतो.

भाचीच्या सासऱ्यांनी समजूतदारपणा दाखवला. कपाट ओसरीत काढले, सुताराने मागच्या उघड्या कडा बंद केल्या. माळ्यावर पडलेल्या सागाच्या दोन दारांचा पलंग झाला. खोलीत गेले की आता तिचे डोळे चुरचुरत नाहीत. कपाटाचे हप्ते दुलाभाई अजून भरत आहेत.