माल बंद झाला, ग्राहकाचं प्रेम नाही! सॅमसंग एनएक्स कॅमेऱ्याकडून शिकायचं काय?



कंपनीने वस्तू बंद केली, तरी ग्राहक अजून तिच्यावर जीव लावून आहे, असं कधी पाहिलंय? सॅमसंगची एनएक्स कॅमेरा सिस्टीम ही तशी गोष्ट. नवा कॅमेरा येत नाही, तरी शौकीन लोक सेकंडहँड शोधून घेतात. मलाही ती मनापासून आवडते. पण आज कौतुकाबरोबर थोडा हिशोबही करू.

२०१० मध्ये एनएक्स१० आला. आरसा नाही, लेन्स बदलता येते आणि आत मोठा एपीएस-सी सेन्सर. सप्टेंबर २०१४ मध्ये एनएक्स१ जाहीर झाला. २८ मेगापिक्सेल, सेकंदाला १५ फोटो आणि कॅमेऱ्यातच ४के रेकॉर्डिंग! त्या वेळी हे सगळं एकत्र मिळणं मोठी गोष्ट होती. आणि २०१५ च्या अखेरीस? जर्मनी, ब्रिटनसारख्या देशांत विक्री थांबली. पुढे नवं मॉडेल आलंच नाही.

म्हणजे माल खराब नव्हता बरं का! मग अडलं कुठे?

एक तर बाजारच आटत होता. २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०१५ मध्ये साडेतीन कोटींच्या आसपास. फोनने कॅमेरा खाल्ला, आणि सॅमसंग स्वतःच फोन विकत होती. दुसरं म्हणजे एनएक्स१ व्हिडिओ एच.२६५ प्रकारात साठवायचा. तंत्र पुढचं, पण तेव्हाच्या बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरला ते उघडताच येत नव्हतं. आधी फाइल कन्व्हर्ट करा, मग काम. तुमचा माल काळाच्या पुढे असेल, पण ग्राहकाच्या टेबलावरची बाकीची साधनं तयार नसतील, तर त्रास त्यालाच होतो.

आता मुख्य मुद्दा. कॅमेरा सिस्टीम विकणं म्हणजे फक्त डबा विकणं नाही. ग्राहक एकदा कॅमेरा घेतो, मग वर्षानुवर्षं लेन्स घेत राहतो. एनएक्स लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्यातूनच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालतं, त्यामुळे ती दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर नीट वापरणं अवघड. कॅमेरा बंद, की लेन्स पोरकी!

याउलट मायक्रो फोर थर्ड्स बघा. २००८ मध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिकने मिळून ते माउंट आणलं. पुढे ऑलिंपसने कॅमेऱ्याचा धंदा विकला, पण लेन्स पोरक्या झाल्या नाहीत. माउंट एकट्याचं नव्हतं ना!

माझं मत स्पष्ट आहे. तोट्यातली लाइन बंद करणं हे पाप नाही. छोट्या उद्योजकाने तर ती वेळेत बंद केलीच पाहिजे, नाहीतर चालू धंदाही बुडेल. पण ज्याने तुमच्या भरवशावर पैसे घातले, त्याला वाऱ्यावर सोडू नका. म्हणून सुरुवातीलाच तीन गोष्टी ठरवा.

१. शक्य तिथे बाजारात सहज मिळणारे सुटे भाग वापरा. घरघंटी बनवत असाल, तर बेल्ट आणि बेअरिंग तालुक्याच्या दुकानात मिळणारं हवं. उद्या तुम्ही नसलात तरी गिरणी फिरेल.

२. बंद करायच्या आधी जुन्या ग्राहकांना फोन करून सांगा. सुटे भाग किती दिवस मिळतील, ते लिहून द्या.

३. दुरुस्तीची माहिती जवळच्या मेकॅनिकला शिकवून ठेवा.

एनएक्सच्या शौकिनांनी तर कंपनी थांबल्यावर स्वतःच आतल्या सॉफ्टवेअरमध्ये शिरून व्हिडिओचा दर्जा वाढवून घेतला. इतकी माया जाहिरातीने विकत मिळत नाही, मित्रांनो. आणि अशा ग्राहकाने पुढच्या वेळी तुमच्या नव्या मालाकडे विश्वासाने बघायचं की लांबून, हे तुम्ही जुनं दुकान कसं आवरलं त्यावर ठरतं.

तुमच्या धंद्यात अशी कोणती वस्तू आहे, जी बंद करावी लागेल? आज वहीत तिचं नाव लिहा, आणि ती घेतलेल्या ग्राहकांची यादीही. कामाला लागा!