सुरक्षेची दुरुस्ती आणि परवान्याचे कुलूप

दूरच्या संगणकाचा ताबा आपल्या टेबलावरून घेऊ देणाऱ्या ‘रिमोट डेस्कटॉप’ सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती शोधून मुद्दाम बसविणाऱ्यांना आळशी ठरविणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. ‘टीमव्ह्यूअर’मध्ये जोडणी करणाऱ्याची आवृत्ती समोरच्या संगणकावरील आवृत्तीइतकी किंवा तिच्याहून नवी असावी लागते. एकदाच पैसे भरून कायमस्वरूपी परवाना घेतलेल्या कार्यालयाने मग काय करावे? वर्गणी भरून नवी आवृत्ती घ्यावी, नाहीतर ग्राहकालाच जुनी आवृत्ती बसवायला सांगावे. यातला स्वस्त मार्ग कोणता, हे सांगायला नको.

मात्र या स्वस्ताईतील धोका फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट झाला. ‘स्क्रीनकनेक्ट’च्या २३.९.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत अशी त्रुटी आढळली, की बाहेरचा माणूस प्रारंभिक मांडणीचे पान पुन्हा उघडून स्वतःच व्यवस्थापक होऊ शकत होता. पासवर्ड किती अवघड ठेवला होता, याला त्यात अर्थच उरला नाही. तीव्रतेच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले. स्वतःच्या सर्व्हरवर हे सॉफ्टवेअर चालविणाऱ्यांना दुरुस्ती स्वतःच बसवावी लागणार होती, आणि त्यांतील काहींच्या देखभाल कराराची मुदत संपलेली होती. अखेर ‘कनेक्टवाइज’ कंपनीने परवान्याची अट बाजूला ठेवून त्यांनाही दुरुस्ती खुली केली.

त्याच महिन्यात जर्मनीच्या ‘एनीडेस्क’ने आपल्या सर्व्हरवर घुसखोरी झाल्याचे जाहीर केले. कंपनीने सॉफ्टवेअरवरील डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र बदलले. साहजिकच जुन्या फाइलवर जुनीच स्वाक्षरी राहिली. अशी फाइल एखाद्या अनोळखी संकेतस्थळावरून उतरविली, तर तिच्या अस्सलपणाची खात्री कशावर करायची?

मे २०१९ मध्ये विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप सेवेत ‘ब्लूकीप’ ही त्रुटी सापडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने पाच वर्षांपूर्वी पाठिंबा काढून घेतलेल्या ‘एक्सपी’साठीही दुरुस्ती दिली होती. म्हणजे हे अशक्य नाही. कंपन्यांना ते संकट दारात आल्यावरच सुचते, इतकेच. सुरक्षेची दुरुस्ती आणि नव्या सोयींची विक्री एकाच गाठोड्यात बांधली, की पैसे वाचवू पाहणारा ग्राहक दोन्ही नाकारतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला असून, तिच्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या मालकांपुढे हाच हिशेब आता नव्याने आला आहे.