धूर फुफ्फुसात थांबत नाही

श्वासाच्या कारणाने नंदुरबार जिल्ह्याकडे साऱ्या देशाचे लक्ष दोनदा गेले. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत ‘एच५एन१’ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. भारतात तो प्रथमच आढळला होता. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, आरोग्य पथके घरोघर ताप-खोकल्याचे रुग्ण शोधत फिरली. माणसांत लागण आढळली नाही आणि जिल्ह्याने सुटकेचा श्वास घेतला. दुसरी वेळ २०२१ च्या एप्रिलची. मोठमोठ्या शहरांतली रुग्णालये प्राणवायूसाठी धावाधाव करत होती, तेव्हा नंदुरबारने मात्र आधीच तयारी करून ठेवली होती. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने हवेतून प्राणवायू तयार करणारा पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२० मध्येच उभा राहिला होता. कोणत्या रुग्णाला किती प्राणवायू लागतो, यावर लक्ष ठेवायला खास परिचारिका नेमल्या गेल्या.

दोन्ही वेळची तत्परता कौतुकाची होती. पण श्वासाचे एक संकट या जिल्ह्यात रोज दोन वेळा येते आणि ते संकट म्हणून कधीच जाहीर होत नाही. ते म्हणजे घरातल्या चुलीचा धूर. या धुराने खोकला आणि दमा होतो, एवढे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि नंदुरबारसारख्या सिकलसेलग्रस्त जिल्ह्यात त्याचे मोल अधिक मोजावे लागू शकते, हे मात्र अजून ना घरात बोलले जाते, ना नियोजनाच्या बैठकीत.

नंदुरबार शहराबाहेर हिवाळ्यात मिरचीच्या पथारी पसरतात. तिथून जाणाऱ्याला ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येते. शरीर लगेच सांगते की इथून दूर हो. चुलीच्या धुराचे तसे नसते. त्याची सवय होते. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरात कुडाच्या भिंतींच्या घरात चूल, झोपण्याची जागा आणि कधी गुरांची जागाही एकाच छपराखाली असते. थंडीत विस्तव रात्रभर धुमसत राहतो. चुलीवर टांगलेली मक्याची बियाण्याची कणसे त्याच धुराने किडीपासून वाचतात, छपराचे लाकूड टिकते, डास कमी होतात. म्हणजे धूर हा त्या घराचा कामाचा सोबती आहे. ‘आमच्या आज्या चुलीवरच रांधत होत्या’ हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण त्या आज्यांपैकी कितीजणींना उतारवयात चार पावले चढताना धाप लागत होती आणि त्यांची किती मुले पाच वर्षांची होण्याआधीच गेली, हा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

तो हिशेब आता जगाच्या पातळीवर मांडला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुराशी संबंधित आजारांनी सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले पाच वर्षांखालची होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की, विडी-सिगारेट कधीही न ओढलेल्या माणसांनाही ‘सीओपीडी’ हा श्वासनलिका आकसण्याचा जुनाट आजार मोठ्या प्रमाणावर होतो. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी असताना लाकूड-शेणीच्या धुरात श्वास घेणारे ३०० कोटींच्या घरात आहेत, हे त्यांनी तेव्हा निदर्शनास आणले.

धुरातले सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट थर त्यांना अडवू शकत नाही. ते थेट वायुकोशांत पोहोचतात. तिथे जंतू गिळून टाकणाऱ्या पेशी पहारा देत असतात. धुराचे कण गिळून त्या थकतात आणि मग जंतू आला की त्याला गिळायला कमी पडतात. श्वासनलिकेतले, कफ वर ढकलणारे सूक्ष्म केसही धुराने मंदावतात. म्हणून धूर आणि संसर्ग हे दोन वेगळे शत्रू मानता येत नाहीत; पहिला दुसऱ्यासाठी दार उघडतो. घरातल्या धुरामुळे लहान मुलांत न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

फुफ्फुसातून मेंदूकडे जाणाऱ्या वाटा तीन आहेत. पहिली प्राणवायूची. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू तो वीस टक्के वापरतो. चुलीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यात न्यूमोनियाने वायुकोश भरले की मेंदूची दोन्हीकडून कोंडी होते. दुसरी वाट दाहाची. फुफ्फुसात पेटलेला दाह रक्तात रसायने सोडतो. ती मेंदूच्या रक्षक पेशींना उत्तेजित करतात आणि हे वर्षानुवर्षे चालले तर नुकसान साचत जाते. तिसरी वाट प्रत्यक्ष प्रवेशाची. अतिसूक्ष्म कण नाकातल्या गंधाच्या मज्जातंतूमार्गे किंवा रक्तातून मेंदूत जाऊ शकतात. ब्रिटनच्या लँकेस्टर विद्यापीठातील बार्बरा माहेर यांच्या चमूला २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या मृतांच्या मेंदूत ज्वलनातून तयार होणाऱ्या लोहकणांसारखे गोल कण सापडले. जंतूंनाही वाट आहेच. न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस आणि क्षयाचा जंतू दोघेही लहान मुलांत फुफ्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊन मेंदूज्वर घडवू शकतात.

याचा परिणाम आयुष्याच्या दोन टोकांना दिसतो. ग्वाटेमालातील एका छोट्या अभ्यासात गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत चुलीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जास्त घेतलेल्या आयांची मुले सहा-सात वर्षांची झाल्यावर बुद्धीच्या काही चाचण्यांत मागे पडली. भारत, मेक्सिको आणि चीनमधील ज्येष्ठांची माहिती एकत्र तपासणाऱ्या २०२१ च्या अभ्यासात लाकूड-कोळशावर रांधणाऱ्या घरांतल्या वृद्धांची स्मरण आणि आकलनाची क्षमता कमी आढळली. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. गरिबी, शिक्षण आणि आहार यांचा वाटा पूर्णपणे वेगळा काढणे अवघड असते. तरीही हवेच्या प्रदूषणाला ‘लॅन्सेट’च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२० मध्ये टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत घातले, इतका पुरावा आता जमला आहे.

नंदुरबारसाठी या साऱ्याचा अर्थ आणखी टोकदार होतो तो सिकलसेलमुळे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलच्या जनुकाचे वाहक वीस टक्क्यांहून अधिक असल्याचे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांच्या सर्वेक्षणांतून पुढे आले. वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते. पण आई-वडील दोघांकडून जनुक आलेल्या मुलाच्या लाल पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. फुफ्फुसात हे घडले तर छातीचा तीव्र आजार होतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत घडले तर लहान वयात पक्षाघात.

या दोहोंतली साखळीही वैद्यकाला ठाऊक आहे. अमेरिकेतील चार हजारांहून अधिक सिकलसेल रुग्णांच्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आधीच्या दोन आठवड्यांत छातीचा असा आजार झालेल्या रुग्णांत पक्षाघाताचा धोका कित्येक पटींनी वाढलेला दिसला. भारतातला सिकलसेल अनेकदा तुलनेने सौम्य असतो, त्यामुळे तिकडचे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण साखळी तीच आहे: धूर, संसर्ग, प्राणवायूची घट, विळ्याच्या पेशी आणि शेवटी मेंदू. अशा मुलाचा बिछाना चुलीपासून हातभर अंतरावर असेल, तर साखळीची पहिली कडी घरातच जुळलेली असते.

मग गॅस दिला की प्रश्न मिटला का? विज्ञानाचे उत्तर सावध आहे. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि तमिळनाडूत मिळून ३,२०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या ‘हॅपिन’ चाचणीत निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि इंधन मोफत पुरवले गेले. घरातले सूक्ष्म कण बरेच घटले. पण बाळांचे जन्मवजन किंवा त्यांच्यातला तीव्र न्यूमोनिया यांत लक्षणीय फरक पडला नाही. या निकालावरून गॅस निरुपयोगी आहे असे म्हणणे चूक ठरेल. बाईच्या डोळ्यांची आग, धाप आणि सरपणाची पायपीट कमी होणे हे स्वतःच मोलाचे आहे. निकाल एवढेच सांगतो की न्यूमोनियाला कुपोषण, अपुरे लसीकरण, दाटीवाटीचे घर आणि उशिरा मिळणारे उपचार हीही कारणे आहेत. एकच कडी तोडून साखळी तुटत नाही.

नेमकी इथेच सरकारी व्यवस्था कमी पडते. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली. तिचा हिशेब पुरवठा खात्याकडे असतो. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्याची कार्डे आरोग्य खाते देते. कुपोषणाची नोंद अंगणवाडीत, क्षयाची नोंद आणखी वेगळ्या वहीत. धुराची नोंद कुठेच नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात देशातली सुमारे १३० शहरे आहेत. खानदेशातून त्यात जळगाव आहे, नंदुरबार नाही. तो कार्यक्रम शहरांच्या रस्त्यावरची हवा मोजतो. डोंगरातल्या घरातली हवा त्याच्या कक्षेतच येत नाही. जे मोजले जात नाही, त्यासाठी निधीही मागता येत नाही.

म्हणून काम घरापासून सुरू व्हायला हवे आणि त्यासाठी नवे खाते लागणार नाही. ज्या घरात सिकलसेलग्रस्त मूल सापडले, त्या घराला गॅसच्या भरणीत पहिला मान मिळावा. जिथे आजारी माणसाला आजही बांबूच्या झोळीतून उतरवावे लागते, तिथे १४.२ किलोचे सिलिंडर चढवण्याची अपेक्षा करण्यापेक्षा पाच किलोचे छोटे सिलिंडर पाड्याच्या जवळ मिळेल अशी सोय व्हावी. सरपण फुकट आणि गॅस रोखीचा, हे गणित ज्या घराला जमत नाही तिथे अनुदान नंतर खात्यात येण्याचा उपयोग थोडा. त्याच घरभेटीत मुलाच्या न्यूमोकॉकल लसीचे तिन्ही डोस झाले का हे पाहावे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत ती सरकारी केंद्रात मोफत मिळते. सिकलसेलग्रस्त मुलाच्या पेनिसिलिनची आणि हायड्रॉक्सियुरियाची चौकशी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच वेळी व्हावी.

श्वास मोजण्याची कलाही पाड्यापर्यंत जायला हवी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना आणि सुईणींनाही श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. त्यातून बालमृत्यू घटल्याचे त्यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. नियम सोपा आहे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक झाले, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर थांबू नये. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर उपयोगी आहे, पण कार्बन मोनॉक्साइड त्याला फसवतो आणि तो आकडा चांगला दाखवतो. धुराच्या घरात श्वास मोजणारे डोळे त्या यंत्राइतकेच महत्त्वाचे आहेत.

घराला स्वतःच्या बळावर करता येण्याजोगेही बरेच आहे. तान्हे मूल चुलीपाशी न झोपवणे, रांधताना दार उघडे ठेवणे, छपराला धूर जाण्यापुरते धुराडे काढणे, ओले लाकूड न जाळणे, चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी न वापरणे. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबाच्या कोपीत यातले फार थोडे शक्य होते. तिथे मुकादमाला आणि कारखान्याला जबाबदारी घ्यावी लागेल.

नंदुरबारने २०२१ मध्ये प्राणवायूची जुळवाजुळव रुग्णालयात वेळेआधी केली आणि माणसे वाचवली. आता ती जुळवाजुळव चुलीपाशी करायची आहे. तिथे ना यंत्रांचा आवाज असेल, ना बातमीचे मथळे. जिल्ह्याच्या नियोजनाच्या बैठकीत मात्र एक प्रश्न दरवर्षी विचारला गेला पाहिजे: सिकलसेलचे कार्ड असलेल्या किती घरांत अजून धूर आहे? हा आकडा ज्या दिवशी कागदावर येईल, त्या दिवसापासून तो कमी करणे कुणाची तरी जबाबदारी होईल.