सही गेल्यावर

आमचे आप्पा सातारा जिल्ह्यात तलाठी होते. सज्जातल्या गावांचे गट नंबर त्यांना तोंडपाठ. कुणाच्या उताऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे, कुठल्या बहिणीनं हक्कसोड दिलंय, हे ते दप्तर न उघडता सांगायचे. अल्झायमर झाल्यावरही हे गट नंबर बराच काळ टिकले. नुकतंच घडलेलं साठवणारा मेंदूचा भाग या आजारात आधी खचतो, जुन्या आठवणी मागाहून जातात. त्यामुळे नुकतेच पानावरून उठलेले आप्पा 'आज जेवण नाही का?' असं विचारायचे आणि त्याच दमात कुणाच्या तरी विहिरीतल्या चार आणे हिश्श्याची नोंद सांगायचे.

दिवेलागणीला ते कासावीस व्हायचे. "वसुलीचा भरणा राहिलाय," म्हणत चपला शोधायचे. आई म्हणायची, "अहो, भरणा झाला. पावती कपाटात ठेवलीय." ते तिच्याकडे नीट बघायचे, खुर्ची पुढे सरकवायचे आणि अदबीनं विचारायचे, "बसा ना. तुम्ही कोणत्या गावच्या?" आई माहेरच्या गावाचं नाव सांगायची. संसारभर त्यांनी तिला 'अगं' म्हटलं होतं.

पुढे त्यांची सही गेली. जन्मभर फेरफारांवर केलेली ती वळणदार सही. आधी अक्षरं सुटी झाली, मग पेन हातात तसंच राहायला लागलं. दिवसपाळीची बाई, औषधं, डायपर यांना पेन्शन पुरेना. ठेवी होत्या, पण त्यांच्या एकट्याच्या नावावर. भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र त्यांनी धडधाकट असतानाच करून ठेवलं होतं. बँकेनं ते परत केलं.

त्या अधिकाऱ्यांना मी दोष देणार नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी माणूस हा कागद करतो, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. वारसनोंद आणि नॉमिनेशन मरणानंतर कामाला येतात. माणूस हयात आहे आणि व्यवहार कळत नाही, या मधल्या वर्षांसाठी आपल्याकडे साधी, परवडणारी वाट नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी पालक नेमून घेण्याची तरतूद होती. २०१७ च्या नव्या कायद्यानं रुग्णाला उपचारांबाबत आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क दिला, तो मोलाचा आहे. पण मालमत्तेचं ते प्रकरण गळालं. आता अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयात जावं लागतं. साताऱ्याहून कोल्हापूरचं सर्किट बेंच, वकिलाची फी, तारखा, आणि घरी रात्रभर जागणारा माणूस.

हे मूठभर घरांचं दुखणं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. 'मुलं बघत नाहीत' अशी ओरड आपण ऐकतो. पण जी मुलं बघतात, त्यांचेही हात कायदा बांधून ठेवतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या कायद्यानुसार समज गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं. ते आधी नोंदवावं लागतं, आणि गैरवापराची तक्रार तपासायला सरकारी कार्यालय आहे. सिंगापूरनंही तशी सोय केली आहे. आपल्याकडेही ती हवी, आणि देखरेखीसकट हवी. जमिनीसाठी म्हाताऱ्यांचे अंगठे कसे उठवले जातात, हे तलाठ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे, वर्षाचा हिशेब जिल्हा न्यायालयात, आणि समज गेल्याचा दाखला दोन डॉक्टरांचा. एवढं केलं तरी पुष्कळ घरं सावरतील.

मी आता साठीला आले. नाव आठवलं नाही की पोटात खड्डा पडतो. वयाचा विसर वेगळा आणि आजार वेगळा, हे मला माहीत आहे, तरी पडतो. मुलीला घेऊन बँकेत गेले आणि खाती दोघींच्या नावे केली. कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हेही लिहून ठेवलंय. घराचं काय करायचं, तेवढं राहिलंय. त्यासाठी मला कायदा हवा आहे, आणि तो माझी सही शाबूत असेपर्यंत व्हायला हवा.