सराफ्यातली बही आणि ऑफिसातलं नोट्स



दिवाळीनंतर भाचा पुण्याहून घरी आला होता. ताईनं आईच्या पाटल्या त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "मामाला घेऊन सराफ्यात जा. एका पाटलीला चीर गेलीय." महाराज बाड्याशी स्कूटर लावून आम्ही दोघं सराफा बाज़ारात शिरलो.

सेठजींनी पाटल्या बघितल्या, आजोबांचं नाव विचारलं आणि आतून लाल कापडात बांधलेली एक जुनी बही मागवली. दहा मिनिटांत नोंद सापडली. तारीख, आजोबांचं नाव, तोळे-माशांत वजन. त्याच्याखाली वेगळ्या शाईत, काही वर्षांनंतरची एक ओळ होती: एक पाटली सांधून दिली. ती ओळ लिहिणारे मुनीमजी केव्हाच वारले. पण पाटली आधी कुठे सांधली होती, हे कारागिराला आज त्यांच्यामुळेच कळलं.

भाच्यानं विचारलं, "सेठजी, ग़लती हो जाए तो?" ते हसून म्हणाले, "बेटा, बही में काटते नहीं हैं. नीचे नया लिखते हैं."

बाहेर पडून कचोरी खाताना भाचा गप्पच होता. मग म्हणाला, "मामा, आमच्या ऑफिसात हे असं सापडत नाही. रजेचा अर्ज, खरेदीची मंजुरी, सगळं एका जुन्या सॉफ्टवेअरवर चालतं. लोटस नोट्स. ते बंद करायचं काम माझ्याकडे आलंय. पण त्यातले फॉर्म बनवणारी माणसं निवृत्त झाली. कुठला कागद कुठून कुठे जातो, हे कुणालाच नीट ठाऊक नाही. बंद करायची भीती वाटते, चालू ठेवायचा कंटाळा येतो."

हे नाव ऐकून मला राहवलं नाही. घरी येऊन या सॉफ्टवेअरची कुंडली काढली. तीच आज तुम्हाला सांगतो. तुमच्यापैकी कितीतरी जण रोज सकाळी ऑफिसच्या पोर्टलवर लॉगइन करतात. त्या पोर्टलच्या पणजोबांची ही गोष्ट आहे.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची संगणकावर शिकवण्याची व्यवस्था होती. तिच्यात काही बिघाड आढळला की लोक तो एका सामाईक फाईलमध्ये लिहून ठेवत. अडचण अशी, की त्या फाईलमध्ये कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं पुसू शकत असे. १९७३ साली डेव्हिड वूली या १७ वर्षांच्या मुलाकडे यावर उपाय करायचं काम आलं. त्यानं 'नोट्स' नावाचा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याची ओळख आणि तारीख आपोआप पडायची, दुसऱ्याला त्यात ढवळाढवळ करता यायची नाही, आणि उत्तर द्यायचं तर ते नोंदीच्या खाली लिहायचं. सेठजींचाच नियम की हा!

त्याच विद्यापीठात रे ओझी नावाचा विद्यार्थी हे सगळं वापरत होता. ऑफिसातल्या छोट्या संगणकांवरही अशी सामाईक वही हवी, ही कल्पना पुढे त्याच्या डोक्यातून जाईना. १९८४ मध्ये त्यानं आयरिस असोसिएट्स ही छोटी कंपनी काढली. पैसा दिला लोटस या कंपनीनं, जिचं १-२-३ हे हिशेबाचं सॉफ्टवेअर तेव्हा जोरात खपत होतं. पाच वर्षं खपून १९८९ मध्ये लोटस नोट्स बाजारात आलं. प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासणीच्या मोठ्या कंपनीनं तर ते बाजारात यायच्या आधीच १०,००० प्रती घेतल्या. गावोगावी कचेऱ्या असलेल्या कंपनीला एका कचेरीतलं ज्ञान दुसरीत पोचवायची निकड जास्त असणार, हे उघड आहे.

आता त्यातली खरी गंमत. तेव्हा इंटरनेट घरोघरी नव्हतं. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडायचे, तेही संथ आणि महाग. म्हणून नोट्समध्ये प्रत्येक कचेरीजवळ वहीची स्वतःची पूर्ण प्रत असे. दिवसभर आपापल्या प्रतीत लिहायचं. ठरल्या वेळी दोन संगणक एकमेकांना फोन लावत, फक्त बदललेल्या नोंदींची देवघेव करत आणि फोन ठेवून देत. दोन्हीकडे एकाच नोंदीत वेगवेगळा बदल झाला असेल, तर दोन्ही ठेवून माणसाला निवडायला सांगत.

सराफ्यात वाढलेल्या माणसाला हे नवं वाटत नाही. हुंडीचा व्यवहार असाच तर चालायचा. इथल्या पेढीनं हुंडी लिहिली की दूरच्या पेढीला सूचनेचं पत्र जाई. तिकडे त्यांच्या बहीत नोंद होई, इकडे आपल्या बहीत. मध्ये तार नाही, फोन नाही. पुढे पत्रांवरून दोन्ही बह्या ताडून बघायच्या. रोजची गाठभेट नसतानाही व्यवहार चाले, कारण प्रत्येकाजवळ स्वतःची पूर्ण बही होती.

नोट्सचा पुढचा प्रवास मालकांच्या अदलाबदलीचा आहे. १९९४ मध्ये लोटसनं आयरिस विकत घेतली. १९९५ मध्ये आयबीएमनं साडेतीन अब्ज डॉलर मोजून लोटसच घेतली. पण त्याच सुमारास वेब आलं, 'इंट्रानेट' हा शब्द कचेऱ्यांत रुळू लागला आणि साध्या ब्राउझरवर ऑफिसची पानं दिसू लागली. नोट्सनंही वेबशी जुळवून घेतलं, त्याच्या सर्व्हरला 'डॉमिनो' हे नाव मिळालं. मग २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचं शेअरपॉइंट आलं. हळूहळू नोट्स म्हणजे 'ते जुनं, किचकट' असं झालं. रे ओझी केव्हाच बाहेर पडला होता. पुढे तो मायक्रोसॉफ्टमध्येच मोठ्या पदावर गेला.

आणि शेवटचा मालक कोण? आपल्याकडची एचसीएल! १९७६ साली शिव नाडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या या कंपनीनं नोट्स आणि आयबीएमची इतर काही उत्पादनं सुमारे १.८ अब्ज डॉलरला घ्यायचं डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं. २०१९ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. इलिनॉयमध्ये उगवलेली कल्पना हिंदुस्थानी कंपनीच्या पदरात पडली.

चार मालक झाले, तरी भाच्याच्या ऑफिसातले अर्ज सुखरूप आहेत. हरवलं ते वेगळंच. अमुक अर्ज तमुक साहेबांकडेच का जातो, हे त्यात कुणी लिहून ठेवलं नाही. फॉर्म बनवणाऱ्याला ते तोंडपाठ होतं. तो घरी गेला, त्याच्याबरोबर ते 'का'ही गेलं. मुनीमजींनी मात्र सांधल्याची ओळ लिहून ठेवली होती.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, "बंद करायच्या आधी त्या निवृत्त लोकांच्या घरी जा. चहा पी आणि विचार."

तो म्हणाला, "आणि मामा, तुमच्या मंडळाचं काय?"

मंडळी, माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आपले जुने चिटणीस गेले, तेव्हा आजीव सभासदांची यादी, सभागृहाच्या देणग्यांचा तपशील आणि गणेशोत्सवाची भांडी कुणाकडे ठेवली आहेत, हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि त्यांच्या फोनमध्ये होतं. भांडी शोधायला आम्हाला दोन महिने लागले. देणग्यांचा हिशेब अजून जुळलेला नाही. एका वयस्कर काकूंनी विचारलं, "ह्यांनी दिलेल्या पैशांची पावती तुमच्याकडे असेल ना?" मी मान खाली घातली. ग्रुपवर रोज शंभर शुभेच्छा येतात, पण त्यात पावती सापडत नाही.

म्हणून भाच्यानं जायच्या आधी मला एक सामाईक फाईल उघडून दिली आहे. नियम दोनच: लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख हवी, आणि जुनं पुसायचं नाही, खाली नवं लिहायचं. पहिली नोंद मी केली: भांडी कुठे आहेत ती, आणि तिथे का ठेवली आहेत ते. त्या काकूंचं म्हणणंही लिहून ठेवलं आहे, पावती सापडेपर्यंत.

तुमच्या घरी मंडळाची जुनी पावती, यादी, छायाचित्र असेल, तर या रविवारी घेऊन या. टंकायला आपली मुलं आहेत. आणि जे कागदावर नाही, ते सांगायला आजी-आजोबांनाही सोबत आणा.