शिबिर संपल्यानंतरचा दिवस

अमेरिकेत मुलांसाठी बेसबॉलची शिबिरे भरतात आणि शिकवावयास येतात एकेकाळचे व्यावसायिक खेळाडू. १९८२ साली स्थापन झालेली माजी खेळाडूंची संघटना तर अशी शिबिरे विनामूल्य भरविते. हजारो प्रेक्षकांसमोर खेळलेला माणूस दहा वर्षांच्या पोराची बोटे चेंडूच्या शिवणीवर नीट बसवून देतो, हे दृश्य कोणालाही सुखवील. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र प्रश्न पडतो तो दुसऱ्या दिवसाचा.

कौशल्य सरावाने मुरते, आणि सराव तिकडे महागला आहे. वस्तीतील संघांना मागे सारून गावोगाव फिरणारे खासगी संघ पुढे आले. वर्गणी, प्रवास, मुक्काम, खासगी प्रशिक्षक, सारा भार पालकांच्या खिशावर. बरे, पुढे विद्यापीठ तरी हात देईल? २०२५ पर्यंत वरिष्ठ श्रेणीतील बेसबॉल संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या अवघ्या ११.७, त्याही तुकडे करून वाटावयाच्या. अमेरिकन फुटबॉलला ८५! गरीब घरचा गुणी मुलगा कोठे वळेल, हे सांगावयास नको.

१९८१ साली प्रमुख लीगमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडू सुमारे १८.७ टक्के होते. २०२३ च्या हंगामारंभी ६.२ टक्केच उरले.

लीग स्वस्थ बसली आहे असे नव्हे. २००६ साली तिने कॉम्प्टन येथे विनामूल्य अकादमी उघडली; इतर उपक्रमही चालविले. २०२२ च्या खेळाडू-निवडीत पहिल्या पाचांपैकी चौघे कृष्णवर्णीय होते आणि ते चौघेही याच उपक्रमांतून आलेले. त्यांपैकी तिघांचे वडील मात्र स्वतःच व्यावसायिक खेळाडू होते.