‘सगळं तर फोनवर आहे!’

डॉक्टरांच्या खिशात स्मार्टफोन आला, डेटा स्वस्त झाला. आता वैद्यकीय माहितीच्या टंचाईचं रडगाणं बंद करा, असं एका विद्वानांचं म्हणणं आहे. मिरा-भाईंदरचा डॉक्टर आणि लंडनचा डॉक्टर यांच्यात म्हणे आता फक्त आळसाचा फरक उरला.

विद्वानांनी एखादा शोधनिबंध स्वतः उघडून पाहायला हवा होता. शोधनिबंधांची ‘पबमेड’ ही सूची 1997 पासून सर्वांना खुली आहे, हे खरं; पण तिथे बहुतेकदा सारांशावर भागवावं लागतं. पुढे गेलं की प्रकाशक पैसे मागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये गरीब देशांना वैद्यकीय नियतकालिकं फुकट किंवा स्वस्तात देणारी ‘हिनारी’ योजना सुरू केली; तिच्या देशांच्या यादीत भारत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, सुमारे 13,000 नियतकालिकं. नावात अख्खं राष्ट्र; लाभार्थी मात्र सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. म्हणजे मुंबईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी हवं ते वाचणार. दहिसर चेकनाका ओलांडला, की मिरा-भाईंदर पालिकेच्या आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी आणि मिरा रोडला गाळ्यात दवाखाना थाटलेला डॉक्टर राष्ट्राबाहेर! 2011 च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेलेलं हे शहर. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा की लेप्टोचा, हा प्रश्न आधी यांच्याच टेबलावर येतो.

माहिती वर पाठवायची वाट मात्र मोकळी आहे. 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णांची नोंद कळवणं बंधनकारक आहे. त्यासाठी ‘निक्षय’ हे पोर्टल आहे. कळवावीच, त्यात वाद नाही. पण द्यायची सक्ती आणि घ्यायची सोय नाही, याला डिजिटल क्रांती म्हणायचं? संगणक आले की कागद जातील, असंही याच पठडीतल्या मंडळींनी एकेकाळी ठासून सांगितलं होतं. आशाताईंच्या पिशवीत रजिस्टर अजून आहेच. वर ॲप आलं.

मराठीत वाचणाऱ्या परिचारिका तर विद्वानांच्या हिशेबातच नाहीत.

उपाय देशात एकदा करून झालेला आहे. 2007 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पैसे भरून कॉक्रेन लायब्ररी, म्हणजे उपचारांच्या पुराव्यांचे आढावे, भारतात इंटरनेट असलेल्या कुणालाही खुली केली. कोणत्या संस्थेचे, असं कुणी विचारलं नाही. याच परिषदेने 2019 पासून काढलेले प्रमाणित उपचारांचे तक्ते फुकट आहेत आणि रुग्ण समोर असताना वाचता येतात. केंद्राने वैद्यक परिषदेच्या नोंदणी क्रमांकावर प्रत्येक डॉक्टरला त्या 13,000 नियतकालिकांत प्रवेश द्यावा आणि राज्याने हे तक्ते मराठीत आणावेत. आळसाचा हिशेब त्यानंतर मांडा.